दूध-भाकरी, कच्चे मटण आणि पळणारा कुत्रा

३० ऑगस्ट २०२० रोजी ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी देशी जातीची कुत्री पाळण्याचे आवाहन केले आणि त्यात मुधोळचे नाव घेतले. त्याआधी २०१६ पासूनच लष्कराच्या मेरठ येथील पशुवैद्यकीय केंद्रात मुधोळच्या पिल्लांचे प्रशिक्षण सुरू झाले होते. टपाल खात्याने २००५ मध्ये या कुत्र्याचे तिकीटही काढले होते. या सगळ्याचा परिणाम असा झाला की काल-परवापर्यंत मेंढरांच्या वाड्यावर नाहीतर वस्तीच्या दारात दिसणारा हा उंच, काटक, सडपातळ कुत्रा आता जुळे सोलापुरातल्या बंगल्यांत आणि होटगी रोडच्या अपार्टमेंटमध्ये दिसू लागला आहे.

आपल्याकडे त्याला कारवान म्हणतात, कर्नाटकात मुधोळ. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी तो कॅरॅव्हान हाउंड आहे, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या दप्तरी मुधोळ हाउंड. अंगावर लांब केस असले की पश्मी. सोलापूर, सांगली, लातूरच्या माळापासून पलीकडे विजयपूर, बागलकोटपर्यंत हा त्याचा मुलूख. माळावर ससा उठला की त्याच्यामागे वाऱ्यासारखे पळायचे, हे त्याचे मूळ काम. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सशाची शिकार हा गुन्हा झाला आणि ते काम कागदोपत्री तरी संपले. आता राखण उरली, आणि जत्रा-उरुसाला कुठे कुठे लागणाऱ्या शर्यती.

पाळणारा बदलला तसे कुत्र्याचे ताटही बदलले. मेंढपाळ त्याला दुधात किंवा ताकात भाकरी कुस्करून घालायचा. नवा मालक मोबाइलवर व्हिडिओ पाहतो. त्यात कोणी तरी ठासून सांगत असतो की कुत्रा म्हणजे घरातला लांडगा, त्याला धान्य हे विषच, कच्चे मांस आणि हाडे घाला, मग बघा तो कसा पळतो ते. मग कोंबडीच्या माना, पाय, मटणाच्या दुकानातली वजडी रोज घरी येऊ लागते. ज्यांना ते नको वाटते ते परदेशी पाकिटे आणतात. काही जण तर जिममधल्या मुलाच्या डब्यातली प्रोटीन पावडर चमचाभर कुत्र्यालाही देतात.

मी माणसांचा डॉक्टर. कुत्र्याचे औषधपाणी हा माझ्या पशुवैद्यक मित्रांचा प्रांत, त्यात मी शिरणार नाही. पण कुत्र्याच्या ताटात काय पडते याचा काही भाग पुढे सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात येऊन पोहोचतो, म्हणून हा विषय या सदरात घेतो आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की जुनी दूध-भाकरी आपण समजतो त्यापेक्षा बरीच बरोबर होती, मात्र त्यात दूध खरोखर असेल तर. आणि कच्च्या मांसाचा धोका कुत्र्याला आहे त्याहून जास्त त्या घरातल्या माणसांना आहे.

आधी लांडग्याचे बघू. कुत्रा लांडग्यापासूनच आला, यात वाद नाही. पण माणसाच्या उकिरड्यावर आणि चुलीपाशी काही हजार वर्षे काढल्यावर त्याचे पोट लांडग्याचे राहिले नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्टार्च पचवणारे अमायलेज नावाचे विकर स्वादुपिंडात तयार होते. ते बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत सापडल्या. पुढच्या अभ्यासांत असेही दिसले की शेती करणाऱ्या समाजांत वाढलेल्या जातींत या प्रती जास्त आहेत, तर बर्फातला हस्की आणि ऑस्ट्रेलियातला डिंगो यांच्यात कमी. म्हणजे धान्य हे कुत्र्याला विष नाही, ते त्याच्या पचनात मुरलेले आहे. अट एवढीच की ते शिजलेले किंवा भाजलेले हवे. आपली भाकरी तव्यावर आणि नंतर विस्तवावर भाजली जाते, तेव्हा ती अटही पुरी होते. व्हिडिओतला सल्ला बऱ्याचदा हस्कीसाठीचा असतो आणि आपण तो मंगळवेढ्याच्या कारवानला वाढतो, ही खरी गडबड आहे.

हस्कीचे ताट वेगळे का, तेही समजून घेतले पाहिजे, कारण ‘पळणारा कुत्रा’ ही एक जात नाही. अलास्कातील इडिटारॉड शर्यतीत ढकलगाडीसारखी बर्फगाडी ओढत कुत्री सुमारे १६०० किलोमीटर जातात. त्या थंडीत, त्या श्रमात, पंचवीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला दहा हजार कॅलरींच्या घरात अन्न लागते. एवढी ऊर्जा पोटात मावणाऱ्या अन्नातून मिळवायची तर चरबीशिवाय इलाज नाही. १९७० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डेव्हिड क्रॉनफेल्ड यांनी अशा कुत्र्यांवर काम केले, आणि भरपूर प्रथिने, भरपूर चरबी हा आहार तिथूनच रुजला. तो त्या कुत्र्यांसाठी योग्यच आहे.

कारवानचे काम मात्र ग्रेहाउंडसारखे, अर्ध्या मिनिटाचे. आपल्यातला शंभर मीटर धावणारा आणि मॅरेथॉन धावणारा यांचे स्नायू जसे वेगळ्या इंधनावर चालतात, तसेच इथेही आहे. अर्ध्या मिनिटाच्या झेपेला स्नायूत साठलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन लागते, आणि ती धान्यातून चांगली मिळते. फ्लोरिडा विद्यापीठातील रिचर्ड हिल आणि सहकाऱ्यांनी शर्यतीच्या ग्रेहाउंडना आळीपाळीने दोन प्रकारचे अन्न देऊन त्यांची वेळ मोजली. एका अन्नात ऊर्जेपैकी २४ टक्के वाटा प्रथिनांचा होता, दुसऱ्यात ३७ टक्के. जास्त प्रथिने खाल्लेली कुत्री किंचित हळू पळाली. त्याच गटाने नंतर दाखवले की पोटभर खाणाऱ्यांपेक्षा थोडे मोजून खाणारी कुत्री वेगवान ठरतात. फरक लहान होता, पण दिशा स्पष्ट होती. प्रोटीन पावडरचा डबा मुलालाच राहू द्यावा. (मुलालाही तो कितपत लागतो, हा वेगळ्या लेखाचा विषय.)

आता हिशेब. पंचवीस किलोच्या कुत्र्याला नुसते पडून राहायला दिवसाला साधारण ७८० कॅलरी लागतात. घरी राहून सकाळ-संध्याकाळ फिरणाऱ्याला साडेबाराशेच्या आसपास. रोज सराव करणाऱ्याला सोळाशे ते दोन हजार. शंभर ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी म्हणजे सुमारे ३३० कॅलरी आणि दहा ग्रॅम प्रथिने. अशा तीन भाकरी, अर्धा लिटर म्हशीचे दूध आणि दोन उकडलेली अंडी एवढे घेतले तर बेरीज साधारण १६७५ कॅलरी आणि साठ ग्रॅम प्रथिनांवर जाते. सराव करणाऱ्या कुत्र्यासाठी हे वाईट ताट नाही, आणि ते आपल्या घरात आजच तयार आहे. काही कुत्र्यांना मोठेपणी दूध पचत नाही, शौचाला पातळ होते. त्यांना दही-ताक चालते. नव्याने दूध सुरू करायचे तर हळूहळू वाढवावे.

पण या ताटात भोके आहेत, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एवढ्या अन्नाबरोबर कुत्र्याला दीड ग्रॅमच्या वर कॅल्शियम हवे. अर्धा लिटर दुधातून मिळते ते सुमारे सहाशे मिलिग्रॅम. उकडलेल्या अंड्यांची टरफले वाळवून बारीक पूड केली तर अर्धा चहाचा चमचा ही उणीव बहुतेक भरून काढतो. ज्वारीत स्निग्ध पदार्थ फार कमी, तेव्हा चमचाभर करडईचे तेल भाकरीवर घालावे; ते आपल्या भागात घरचेच. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. माणसाप्रमाणे कुत्र्याची कातडी उन्हात पुरेसे ड जीवनसत्त्व बनवत नाही. सोलापूरचे ऊन कितीही असले तरी त्याला ते अन्नातूनच मिळावे लागते. अंड्यातला पिवळा बलक, शिजवलेली मासळी, आठवड्यातून एखाद्या वेळी थोडी शिजवलेली कलेजी यांतून ते मिळते. पाकिटातल्या चांगल्या खाद्यात हे सगळे मोजून घातलेले असते, म्हणून ते खाद्य वाईट असे मी म्हणणार नाही. परवडत असेल तर अर्धे ते आणि अर्धी भाकरी, यातही काही बिघडत नाही. वाढीच्या पिल्लांचे गणित मात्र नाजूक असते. नुसते बिनहाडाचे मांस खाऊन वाढलेल्या पिल्लाची हाडे कॅल्शियमअभावी कच्ची राहतात आणि साध्या उडीने मोडतात. पिल्लाचा आहार पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावा.

ज्वारी, कुत्रा आणि माणूस यांचे नाते याहून जुने आहे. वैद्यकाच्या इतिहासातले ते एक मोठे प्रकरण आहे. पेलाग्रा हा आजार, ज्यात उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलते, जुलाब होतात आणि पुढे बुद्धी भ्रमिष्ट होते, तो कशाने होतो हे शोधताना कुत्राच कामी आला. त्याच अपुऱ्या आहारावर कुत्र्याची जीभ आणि तोंड काळे-निळे पडते. त्याला ‘काळी जीभ’ असेच नाव होते. १९३७ मध्ये अमेरिकेत कॉनरॅड एल्वेजेम यांनी निकोटिनिक आम्ल देऊन कुत्र्यांची काळी जीभ बरी केली, आणि त्यातून माणसाच्या पेलाग्राचे औषध मिळाले.

अमेरिकेतला पेलाग्रा मक्याचा होता, दख्खनमधला ज्वारीचा. आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात याचा पाठपुरावा केला. ज्वारीत ल्युसीन हे अमिनो आम्ल इतरांच्या मानाने जास्त असते. ते कुत्र्यांच्या अन्नात वरून मिसळल्यावर कुत्र्यांना काळी जीभ झाली. ल्युसीनच्या या भूमिकेवर पुढे वाद झाले, तो विषय पूर्ण मिटलेला नाही. पण ज्या माणसाच्या ताटात ज्वारीशिवाय फारसे काही नसते त्याला पेलाग्रा होतो, आणि त्याच ताटात दूध, डाळ, अंडे आले की तो होत नाही, यात शंका नाही. दुधातल्या ट्रिप्टोफॅनपासून शरीर स्वतःच नायसिन बनवू शकते.

म्हणूनच मेंढपाळाच्या दूध-भाकरीत ‘दूध’ हा शब्द शोभेचा नव्हता. आज वस्तीवरचे दूध पहाटेच डेअरीच्या संकलन केंद्रावर जाते. त्यात मालकाचा दोष नाही, घर त्यावर चालते. पण कुत्र्याच्या वाट्याला उरते ती पाण्यात कालवलेली शिळी भाकरी, आणि बरगड्या दिसणाऱ्या त्या कुत्र्याला आपण जातिवंत म्हणतो. घरात डेअरीला दूध घालणारी माणसे, पण घरच्या लेकराच्या वाटीत दूध नाही, हे चित्रही आम्ही ओपीडीत बघतो. कुत्र्याच्या थाळीवरून घराच्या थाळीचा अंदाज येतो.

आता कच्च्या मांसाकडे येतो.

मेंढी किंवा बकऱ्याच्या यकृतात, फुप्फुसात कधी कधी पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी असतात. खाटीक त्या कापून बाजूला टाकतो किंवा तो भागच कुत्र्याला घालतो. या गाठींत एकायनोकॉकस नावाच्या फीतकृमीची पिले असतात. कुत्र्याने ते कच्चे खाल्ले की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचे, सहज न दिसणारे कृमी वाढतात. कुत्र्याला त्यांचा काहीच त्रास नसतो. तो खातो, पळतो, छान दिसतो. सहा-सात आठवड्यांनी त्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडू लागतात आणि ती त्याच्या केसांना, अंगणातल्या मातीला, परड्यातल्या कोथिंबिरीला चिकटतात. कुत्र्याला कुरवाळून तसाच हात तोंडात घालणारे लहान मूल हे त्या अंड्यांचे पुढचे घर. मग मुलाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तीच पाण्याची गाठ, म्हणजे हायडॅटिड, वाढू लागते. ती इतकी सावकाश वाढते की पोटात जड वाटू लागेपर्यंत पाच-दहा वर्षेही जातात. तोवर ते पिल्लू कधी घरात होते हेही कोणाला आठवत नाही.

हायडॅटिडचा रुग्ण सरकारी रुग्णालयात नवा नसतो. मेंढ्या, कुत्री आणि माणसे जिथे एकत्र नांदतात तिथे तो असणारच. सोनोग्राफीत गाठ दिसल्यावर आम्ही विचारतो, घरी कुत्रे आहे का, मेंढरे आहेत का. औषधे महिनोन्‌महिने द्यावी लागतात, बऱ्याचदा शस्त्रक्रिया लागते. गाठ पोटात फुटली तर तीव्र ॲलर्जीने जीवही जाऊ शकतो. आणि हे टाळायला काय लागते? कुत्र्याला द्यायचे अवयव अर्धा तास खळखळून उकळायचे, आणि कुत्र्याला प्राझिक्वान्टेल हे औषध असलेली जंताची गोळी नियमित द्यायची. इथे एक बारकावा आहे. मेडिकलमधून माणसाची जंताची गोळी आणून कुत्र्याला दिली जाते. या फीतकृमीवर तिचा भरवसा नाही. पशुवैद्यकाकडे प्राझिक्वान्टेलचे नाव घेऊनच विचारावे. जिथे हा आजार असतो तिथे वर्षातून निदान चार वेळा ते देण्याची शिफारस आहे.

कोंबडीचे प्रकरण वेगळे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलियन-बारे सिंड्रोमची साथ आली. त्या साथीतला पहिला संशयित मृत्यू सोलापुरात नोंदला गेला, त्यामुळे इथल्या लोकांना ते नाव पाठ आहे. पायापासून वर चढत जाणारा तो लुळेपणा. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. तिथे संशय दूषित पाण्यावर होता, कुत्र्यांचा त्या साथीशी संबंध नव्हता, हे स्पष्ट सांगतो. पण हाच जिवाणू कच्च्या कोंबडीवर सर्रास असतो. मेलबर्न विद्यापीठातील पशुवैद्यकांनी २०१८ मध्ये दाखवले की कुत्र्यांनाही असाच लुळेपणा येतो, आणि कच्ची कोंबडी, विशेषतः कोंबडीच्या माना खाणाऱ्या कुत्र्यांत तो जास्त दिसतो. म्हणजे चपळ व्हावा म्हणून ज्या माना घालायच्या, त्यांनीच मागचे पाय जाण्याचा धोका. अशा कुत्र्याच्या विष्ठेतून तो जिवाणू घरातही पसरतो. साल्मोनेलाचे तेच.

त्याच हिवाळ्यात, डिसेंबर २०२४ मध्ये, नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले. खाद्यातून विषाणू गेला असावा असा संशय व्यक्त झाला. पाठोपाठ उदगीरमध्ये कावळे मरून पडले, त्यांच्यातही तोच विषाणू निघाला. उदगीर काही आपल्यापासून फार दूर नाही. मांजरवर्गापेक्षा कुत्र्याला हा विषाणू कमी धरतो; तरी २००४ मध्ये थायलंडमध्ये आजारी बदकाचे मांस खाऊन एक कुत्रा दगावल्याची नोंद आहे. नीट शिजवले की हा विषाणू मरतो, कॅम्पिलोबॅक्टर मरतो, एकायनोकॉकसही मरतो. मांस देऊच नका, असे मी म्हणत नाही. शिजवून द्या. शिजवलेली हाडे मात्र देऊ नका. ती फुटून टोकदार होतात आणि आतड्यात रुततात.

पळणाऱ्या कुत्र्याबद्दल आणखी दोन-तीन गोष्टी. कारवानची छाती खोल असते. अशा कुत्र्याने पोटभर खाऊन लगेच पळापळ केली तर जठर फुगून त्याला पीळ पडण्याची भीती असते, आणि मग हातात काही तासच असतात. म्हणून खाणे आणि सराव यांत तीन-चार तासांचे अंतर ठेवावे, आणि एकदाच भरपूर घालण्याऐवजी दोन वेळा विभागून घालावे. एप्रिल-मेमध्ये सराव सूर्य उगवायच्या आधी संपवावा. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. उरलेल्या कालवणातला कांदा-लसूण, चॉकलेट, मनुका या गोष्टी त्याला विषारी आहेत. लंगडतोय म्हणून घरातली आयब्युप्रोफेनची किंवा डायक्लोफेनॅकची गोळी देऊ नये; जठराला जखमा होतात, मूत्रपिंड जाते.

आणि आपला कुत्रा खरोखर किती पळतो, हे मालकाने एकदा प्रामाणिकपणे मोजावे. सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत आणि दिवसभर गॅलरीत साखळीला, असे असेल तर त्याला शर्यतीचे ताट नको. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोर कुत्र्यांवर जन्मापासून मरेपर्यंत अभ्यास झाला. जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन वर्षे जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. कारवान तर मुळातच बारीक. शेवटच्या दोन-तीन बरगड्या हलक्याशा दिसणे, कंबर आत गेलेली असणे ही त्याची ठेवण आहे. शेजारी विचारतील, उपाशी ठेवता का म्हणून. त्यांच्या समाधानासाठी भाकरी वाढवू नये. पाठीच्या कण्याचे मणके आणि माकडहाडाची टोके वर आलेली दिसू लागली, केस निस्तेज झाले, तोंडात व्रण आले, तर मात्र ती जातीची ठेवण नसते. तेव्हा ताटात दूध, अंडे किती पडते आणि जंताचे औषध शेवटचे कधी दिले हे आधी बघावे, आणि कुत्र्याला घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.